दिवा विसरला की ओरडणारा बझर



शेतकरी बंधू-भगिनींनो, या सदरात आपण एरवी बियाणे, खते, फवारणीचे पंप आणि ठिबकच्या नळ्या यांविषयी बोलतो. आज गाडीच्या बॅटरीविषयी बोलायचे आहे. कोणी म्हणेल, शेतीखात्याच्या माणसाला हे कुठून सुचले? पण आता पुष्कळ वस्त्यांवर एखादी जुनी जीप, जुनी मारुती नाहीतर ट्रॅक्टर उभा असतोच. तो चालू झाला नाही तर खताच्या गोण्या येत नाहीत आणि टोमॅटोचे कॅरेट जात नाहीत. तेव्हा गाडीही शेतीचेच एक अवजार धरावे.

गाडीचे मोठे दिवे रात्री सहसा कोणी विसरत नाही. अंगणात गाडी लावली की समोरच्या भिंतीवर उजेड पडतो, आणि घरातले कोणीतरी आतूनच ओरडून सांगते. दिवा विसरतो तो पहाटे निघालेल्या गाडीचा. चार वाजता माल भरून निघायचे, बाजार समितीच्या आवारात पोचेपर्यंत चांगले उजाडलेले असते, आणि उन्हात पेटलेला दिवा डोळ्यांना दिसत नाही. धुक्यातून किंवा धो धो पावसातून दिवे लावून आलेल्याचेही तेच होते. मग लिलाव, वजनकाटा, पट्टी, चहापाणी यांत तीन-चार तास जातात. परत येऊन चावी फिरवावी, तर सेल्फ ‘कट्’ करून गप्प बसतो.

विसरण्याचा दुसरा प्रकार बारक्या दिव्यांचा. मोठे दिवे बंद करताना बटण एक घर कमी फिरते आणि पार्किंगचे दिवे तसेच राहतात. गाडी शेडमध्ये भिंतीला तोंड करून असली, किंवा वरून ताडपत्री टाकलेली असली, की ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

आता थोडा हिशेब करू. घरात नववी-दहावीचे पोर असेल तर त्यालाच करायला बसवावे, त्याचा शाळेतला धडा पक्का होईल. जुन्या मोटारीच्या प्रत्येक मोठ्या दिव्याचा बल्ब डिपरवर ५५ वॅटचा धरा. दोन्ही मिळून ११० वॅट. पुढचे-मागचे बारके दिवे, नंबरपाटीचा आणि मीटरचा दिवा मिळून आणखी ३० वॅट. एकूण १४० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे साडेअकरा अँपियरच्या वर प्रवाह वाहतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असेल तर कागदावर ती तीन तासांत रिकामी होते. पण सेल्फला एका दमात शंभराच्या वर अँपियर लागतात, आणि बॅटरी अर्ध्यावर आली की तिच्यात तेवढा जोर राहत नाही. म्हणून दीड-दोन तासांतच गाडी अडून बसते. नुसते बारके दिवे राहिले तर अडीच अँपियर जातात. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत वीस अँपियर-तास झाले. सकाळी गाडी चालू झाली तर नशीब समजायचे. ट्रॅक्टरची बॅटरी ७५ ते ८८ अँपियर-तासांची, ती जास्त वेळ तग धरते. म्हणून ट्रॅक्टरवाला दिव्यांच्या बाबतीत जास्त बेफिकीर असतो. पण डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला ताकदही तितकीच जास्त लागते, हे तो विसरतो.

बॅटरी उतरली तर काय बिघडले, पुन्हा चार्ज करू, असे आपण म्हणतो. बिघडते ते असे. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या गंधकाच्या आम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी खर्च होते तसे त्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते आणि चार्ज करताना ते पुन्हा विरघळते. मात्र बॅटरी पार उतरलेली तशीच आठवडाभर पडू दिली, तर त्या सल्फेटचे खडे टणक होतात आणि मग चार्जरलाही दाद देत नाहीत. जमीन चोपण होऊ लागली की सुरुवातीला जिप्सम टाकून आणि निचरा काढून ती सुधारता येते, पण दुर्लक्ष केले तर हातची जाते. बॅटरीचेही तसेच आहे. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी बनवलेली असते, तळाशी जाऊन पुन्हा वर येण्यासाठी नव्हे. असे चार-सहा वेळा झाले की दोन-तीन वर्षांनी घ्यायची बॅटरी आजच घ्यावी लागते, आणि त्यात काही हजार रुपये जातात.

पण पैशाचे मी दुसऱ्या नंबरवर धरतो. पहिल्या नंबरची गोष्ट वेगळी आहे. बॅटरी दगा देते अशी एकदा सवय लागली की माणूस ट्रॅक्टर उतारावर लावू लागतो. चाकाखाली दगड, बस्स! सकाळी दगड काढायचा, उतारावर सोडायचा आणि गिअर टाकून क्लच सोडायचा. त्याच उतारावर, त्याच दगडाशी घरातली पोरे खेळत असतात. याहून वाईट सवय म्हणजे जमिनीवर उभे राहून, मोठ्या चाकाच्या पुढ्यात वाकून, सेल्फची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ट्रॅक्टर चालू करणे. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल केल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून काही ट्रॅक्टरांत जी सोय दिलेली असते, ती अशाने बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असला तर चालू होताक्षणी पुढे उडी घेतो, आणि मागचे चाक समोर वाकलेल्या माणसावरून जाते. अशाने माणसे गेली आहेत. घरातल्या बायामाणसांना माझे सांगणे आहे की हे कोणी करताना दिसला तर त्याला तिथल्या तिथे हटकावे, मग तो कितीही जुना ड्रायव्हर असो.

आणि रात्रीचे दुखणे तर सांगून येत नाही. १०८ ची गाडी आता येते, पण मळ्यातल्या वस्तीचा रस्ता तिला सापडेपर्यंत घरची नाहीतर शेजारची गाडीच उपयोगी पडते. सर्पदंश झालेल्या माणसाला घेऊन धक्का मारायला चार माणसे शोधत हिंडायचे, ही वेळ कोणावर येऊ नये.

यावर पुष्कळ घरांतला उपाय म्हणजे विसरणाऱ्याला बोल लावणे. त्याने काही होत नाही. पहाटे तीनला उठून माल भरलेल्या माणसाच्या डोक्यात भाव असतो, दिव्याचे बटण नसते. त्याची आठवण ठेवण्याचे काम यंत्राकडे द्यावे. अलीकडच्या मोटारींत दिवा चालू ठेवून दार उघडले की आत टणटण वाजते, ती सोय कारखान्यातूनच आलेली असते. दुचाकीला तर एप्रिल २०१७ पासून पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि इंजिनबरोबरच विझतो. प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांचा. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण गावोगाव त्या अजून धावताहेत. तशाच जुन्या जीपा आणि जुने ट्रॅक्टर. यांना ही सोय आपण लावून घेऊ शकतो. सामान काय, तर १२ व्होल्टचा एक लहान बझर, एक डायोड, एक अँपियरचा फ्यूज घरासकट, दोन-तीन मीटर वायर आणि टेप. बझर आणि डायोडची किंमत हॉटेलातल्या एका थाळीइतकी धरा.

यातली युक्ती फार सोपी आहे. बझरला दोन वायरी असतात, लाल आणि काळी. लाल वायर बारक्या दिव्यांच्या वायरीला जोडायची, म्हणजे दिवे लावले की जिच्यात वीज येते तिला. काळी वायर अशा वायरीला जोडायची की जिच्यात चावी फिरवल्यावरच वीज येते. जसे मीटरची किंवा वायपरची वायर. आता बघा. गाडी चालू आहे आणि दिवेही चालू आहेत, तेव्हा बझरच्या दोन्ही टोकांना सारखीच वीज असते. दोन्ही बांधांना पाण्याची पातळी सारखी असली की पाणी कुठेच वाहत नाही, तसा बझर गप्प राहतो. चावी बंद केली की काळ्या बाजूची वीज जाते, आणि मीटर, दिवे वगैरेंतून त्या वायरीला बॉडीपर्यंत वाट मोकळी असते. लाल बाजूला वीज, काळ्या बाजूला वाट, म्हणून बझर ओरडू लागतो. दिवे बंद केले की थांबतो. बझरला प्रवाह अगदी थोडा लागतो, त्यामुळे ही वाट त्याला पुरते.

डायोड कशासाठी? चावी चालू आणि दिवे बंद असे दिवसभर असते. तेव्हा वीज उलट दिशेने, काळ्या बाजूने लालकडे जाऊ पाहते. डायोड म्हणजे विहिरीच्या पाइपातला फूटव्हॉल्व्ह. एका बाजूने जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने येऊ देत नाही. दुकानात ‘वन-एन-४००७’ मागावा, तो सगळीकडे मिळतो. त्याच्या काळ्या अंगावर एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. दिव्याच्या वायरीकडून निघाले की आधी फ्यूज, मग डायोड, मग बझरची लाल वायर, आणि डायोडचा रुपेरी पट्टा बझरच्या बाजूला. उलटा लावलात तर बझर वाजणार नाही.

लाल वायर मोठ्या दिव्याच्या वायरीला जोडू नका. मोठा दिवा लावला की बारके आपोआप लागलेले असतात, म्हणून बारक्यांची वायर धरली तर दोन्ही विसरण्यांवर पहारा बसतो.

या दोन वायरी हुडकायला टेस्ट-लॅम्प पुरतो. बल्बची एक वायर बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावायची आणि दुसऱ्या टोकाने फ्यूजच्या पेटीत तपासत जायचे. वायर सापडली की बॅटरीचे बॉडीकडचे टोक सोडून ठेवावे आणि मगच सोलणे-जोडणे करावे. नुसते पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आपल्या रस्त्यांवर सहा महिन्यांत ढिले होतात. झाळलेला जोड किंवा दाबून बसवलेला लग चांगला. फार जुन्या काही विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असते, काहींची बॅटरी सहा व्होल्टची असते. तिथे ही जोडणी चालणार नाही. आधी बॅटरीवरच्या खुणा पाहाव्यात. हे काम घरातले आयटीआय शिकलेले पोर सहज करील. तसे कोणी नसेल तर तालुक्याच्या वायरमनला हा मजकूर दाखवावा, अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र नव्या, हमीत असलेल्या गाडीच्या वायरी कोणालाही कापू देऊ नका.

जोडून झाल्यावर चावी आणि दिवे उलटसुलट चारही प्रकारे लावून पाहावेत. चावी बंद आणि दिवे चालू, या एकाच वेळी आवाज यायला हवा. तिथे आवाज अगदी क्षीण आला किंवा आलाच नाही, तर समजावे की काळ्या बाजूला बॉडीची वाट पुरेशी नाही. मग पाच पायांचा रिले घ्यावा. त्याच्या पायांवर आकडे असतात. ८५ बॉडीला, ८६ चावीच्या वायरीला, ३० फ्यूजमधून बारक्या दिव्यांच्या वायरीला, ८७ए बझरच्या लाल वायरीला, आणि बझरची काळी वायर सरळ बॉडीला. चावी चालू असेपर्यंत रिले ही जोडणी तोडून धरतो, चावी बंद होताच सोडतो. चार पायांच्या रिलेत ८७ए नसतो, तो दुकानदाराने गळ्यात मारला तर परत करावा.

ज्या मोटारीत दार उघडताच आतला दिवा लागतो, तिथे काळी वायर चावीऐवजी दाराच्या खांबातल्या बटणाच्या वायरीला जोडता येते, कारण जुन्या गाड्यांत हे बटण दार उघडल्यावर वायर बॉडीला टेकवते. डायोड इथेही हवाच. मग दिवे चालू असताना दार उघडले की बझर वाजतो. यात एक कटकट आहे. इंजिन चालू असताना रात्री कोणाला उतरवायला दार उघडले तरी तो वाजतो. मला चावीची पद्धत जास्त पसंत आहे.

ट्रॅक्टरचे मात्र निराळे आहे. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन चावीने बंद होत नाही, बंद करायची दांडी ओढावी लागते. दांडी ओढून माणूस खाली उतरतो आणि चावी तशीच चालू राहते. म्हणजे चावीवर बसवलेला बझर इथे मुकाच राहणार. यावर चांगला उपाय ऑइलच्या लाल दिव्यात आहे. इंजिनवर ऑइलच्या दाबाचे एक बटण असते. दाब नसला, म्हणजे इंजिन बंद असले, की ते आपली वायर बॉडीला टेकवते आणि समोरचा लाल दिवा लागतो. बझरची काळी वायर या बटणाच्या वायरीला जोडावी, लाल बाजू आधी सांगितली तशीच, डायोडसकट. आता चावी चालू असो की बंद, इंजिन थांबले आणि दिवे राहिले की बझर वाजणार. शिवाय रात्री नांगरताना ऑइलचा दाब एकाएकी पडला तर तोच बझर तुम्हाला सावध करील, एवढा फायदा फुकटात. ज्यांच्या ट्रॅक्टरला लाल दिव्याऐवजी बारीक नळीवर चालणारे ऑइलचे सुईवाले मीटर आहे, त्यांना ही जोडणी जमणार नाही. त्यांनी चावीची जोडणी करून चावी काढून खिशात घालण्याची सवय लावावी.

ऊस वाहणारे लोक विचारतील की रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी करावी लागली तर मागचे दिवे मुद्दाम चालू ठेवावे लागतात, मग हा भोंगा बंद कसा करायचा? काही वायरमन त्यासाठी मध्ये एक बटण बसवून देतात. मी तसे करू नका असे सांगेन. एकदा बंद केलेले बटण पुन्हा कोणी चालू करीत नाही, आणि मग बझर असून नसल्यासारखा. तेवढा वेळ वाजू द्यावा, त्याने बॅटरीवर ओझे पडत नाही. आणि नुसत्या दिव्यांवर विसंबू नये. ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या आणि रस्त्यावर लाल त्रिकोण हवाच, कारण बॅटरी उतरली की दिवे जातात, पट्टी जात नाही.

इतके करूनही बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीवरून चिमटे लावताना ट्रक किंवा एसटीची मदत घेऊ नका. त्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या गाडीवरूनच घ्यावे. आधी लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना, मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. शेवटच्या चिमट्याची ठिणगी बॅटरीवर पडली तर ती फुटून आम्ल तोंडावर उडते. बिडी-काडी लांब ठेवावी. घरी आल्यावर त्याच दिवशी बॅटरी चार्जरला लावावी, ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपियरच्या आसपास सावकाश. गावात दोन चकरा मारून ती भरत नाही. चार्ज करून चार-सहा तास तशीच ठेवल्यावर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ठीक, १२.२ दिसले तर ती अर्धीच भरली आहे.

बझर ट्रॅक्टरला बसवताना डॅशबोर्डच्या खाली, तोंड खाली करून बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. सायलेन्सरपासून लांब ठेवावा. वायरी लोंबत्या सोडू नका, उंदीर त्या कुरतडतात. मूळ वायरींबरोबर बांधून घ्याव्यात. गाडी पाहुण्याला किंवा नव्या ड्रायव्हरला देताना हा आवाज कशाचा ते सांगून ठेवावे, नाहीतर तो वैतागून वायरच उपटून टाकील. आणि कोणत्या रंगाची वायर कुठे जोडली आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी हात घालणारा वायरमन दुसरा असेल.